मावशींचा डावा हात

कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी मावशी डाव्या हाताची बोटं ओढणीच्या टोकाला पुसायच्या. आधी अंगठा, मग बाकीची. नवरी गाडीतून उतरत असो, बँडवाल्यांनी सूर धरलेला असो, नवऱ्याचा मामा "चला, चला" करत असो, मावशींचं आपलं एकच. "थांब रे बाबा, हात येऊ दे." मग तो हात लेन्सखाली जायचा आणि लग्न लागून माणसं जेवायला बसेपर्यंत तिथेच असायचा.

तुमच्यापैकी कोणी वसईच्या गावांत लग्नाला गेलं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलं असणार. ठेंगणी मूर्ती, रुंद खांदे, केस मागे घट्ट बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली. शूटिंगवाल्याच्या शोधात लोक त्यांच्या मागे, बाजूला, थेट स्टेजपाशी बघून यायचे. "शूटिंगवाले कुठे गेले?" असं कोणी त्यांनाच विचारलं की त्या डोळा न काढता म्हणायच्या, "इथेच आहेत. तुम्ही जरा बाजूला व्हा."

माझं तुळिंजला मिक्सिंगचं छोटं दुकान आहे. लोक लग्नाचं शूटिंग करून मेमरी कार्डं आणून देतात. मी ते कापतो, जोडतो, गाणी लावतो. शूटिंग करणाऱ्याचा चेहरा पडद्यावर कधी येत नाही, पण वर्षानुवर्षं त्याचं काम बघितलं की माणूस ओळखीचा होतो. कोण घाईत होता, कोण मध्येच जेवायला सटकला, कोणाला नवरीची मैत्रीण आवडली, सगळं कळतं. मावशींच्या शूटिंगमधून मला मावशी कळत गेल्या. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. दुकानाची काच ढकलून आत येताना म्हणायच्या, "काय एडिटर, जेवलास?"

त्यांचा नवरा फोटोग्राफर होता. लग्न झाल्यावर मावशी त्याच्याबरोबर लाइट धरायला जाऊ लागल्या. त्या काळी व्हिडिओला एक मोठा, भट्टीसारखा तापणारा दिवा लागायचा आणि तो डोक्याच्या वर धरून उभं राहायला माणूस लागायचा. "तो सगळ्यांना बघायचा कॅमेऱ्यातून, मी उघड्या डोळ्यांनी," असं त्या म्हणायच्या. "मला जास्त दिसायचं."

नवरा गेला तो ऐन सीझनमध्ये, छातीत दुखून, दवाखान्यात नेईपर्यंत. पुढच्याच रविवारी त्याने घेतलेली एक लग्नाची ऑर्डर होती. मुलीकडचे लोक सांगून गेले की आम्ही दुसरं कोणी बघतो, तुम्ही काळजी करू नका. रविवारी मावशी दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत कॅमेरा घेऊन चर्चच्या दारात हजर. नवरीची आई चपापली. शुभकार्यात अशी बाई समोर कशी चालेल, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मावशी म्हणाल्या, "मी कॅमेऱ्याच्या मागे आहे. कुठल्याच फोटोत येणार नाही." ते लग्न त्यांनी एकटीने केलं. पुढे त्या घरातल्या सगळ्या पोरांची लग्नंही त्यांनीच केली.

आता त्या डाव्या हाताबद्दल. फोटोच्या लेन्सवर एक रिंग असते. ती फिरवली की लांबचं जवळ येतं. फोटो काढताना ती कशीही फिरवा, फरक पडत नाही. व्हिडिओत मात्र हात जरा अडखळला तर बघणाऱ्याला ठेच लागल्यासारखं होतं. म्हणून व्हिडिओ चालू असताना बहुतेक जण झूम मारायच्या भानगडीत पडत नाहीत. मावशी पडायच्या.

एक प्रसंग मी तरी विसरणार नाही. मुलगी सासरी जायला गाडीत बसली होती, सगळ्यांचे कॅमेरे तिच्यावर, आणि तिचा बाप लांब मांडवाच्या टोकाला केटररशी खुर्च्यांवरून भांडत होता. मावशींचा कॅमेरा मुलीवरून निघाला आणि हळूहळू बापाकडे गेला. भांडता भांडता त्याची हनुवटी थरथरायला लागली, नेमक्या त्या वेळी तिथे पोचला. मी ते मिक्सिंग करताना पाहिलं आणि तिथे लावायचं ठरवलेलं गाणं काढून टाकलं.

माझ्या दुकानाखाली चहाची टपरी आहे. सीझन नसला की आसपासचे फोटोग्राफर तिथे जमतात. लग्नं नसतात तेव्हा आम्ही लेन्सबद्दल बोलतो. त्यात मनवेलपाड्याचा संकेत सगळ्यात पुढे. तिशीतला, बोलका, कुठलीही नवी वस्तू दुकानात येण्याआधी त्याच्या मोबाइलवर आलेली असते. एका सकाळी तो मोबाइल नाचवतच आला. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी मोटरवाली झूम लेन्स येणार होती. रिंग फिरवायची गरज नाही. बाजूला एक खटका, अंगठ्याने ढकलायचा. आतली मोटर आतल्या आत काचा सरकवणार, लेन्स लांब-आखूड होणार नाही. दूर उभं राहून रिमोटवरही चालवता येणार.

टपरीवर दोन तट पडले. कोणी म्हणालं, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिम्बलवर लावायला बेस्ट, तोल जात नाही. कोणी म्हणालं, ही मोटर बॅटरी खाणार आणि नेमकी सप्तपदीच्या वेळी मान टाकणार. एकाचं म्हणणं, फोटोवाल्याला रिंगच पाहिजे, पटकन फिरवली, पटकन मारला फोटो. मोटरचे नखरे कोण सांभाळणार? संकेत सगळ्यांना पुरून उरत होता. "अरे, एकदा बघा तरी. मक्खन जाते!"

मावशी बाकावर बसून चहात बटर बुडवत होत्या. संकेतने त्यांना गाठलं. "मावशी, तुमच्यासाठीच बनवलीय बघा. आता हात येऊ द्यायची पण गरज नाही."

"कोणाला किती जवळून बघायचं ते मोटरीला काय कळणार?"

"पण मोटर तुमच्याच बोटाने चालणार ना!"

"बोटाने चालेल," मावशी म्हणाल्या. "बोटाला लागणार नाही."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. बटर खाऊन झालं, बोटं पुसली आणि स्कूटरला किक मारून गेल्या.

वसईच्या ख्रिस्ती गावांत लग्नासारखंच मयताचंही शूटिंग होतं. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं. पण इथे घराघरातलं एखादं पोर आखातात, कॅनडात, कुठे ना कुठे असतं. आई गेली तर दुसऱ्या दिवशी विमान मिळतंच असं नाही. पूर्वी शूटिंग करून कॅसेट पाठवायचे, हल्ली चर्चमधली मिस्सा थेट मोबाइलवर दाखवतात. पुष्कळ फोटोग्राफर ही कामं टाळतात. मावशींनी कधी टाळली नाहीत. पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलेला होता.

"मयतात झूम नाही. कोणाचं रडणं लांबून ओढून आणायचं नाही. जवळ जायचंय तर पायाने जा. तू आलास ते त्या माणसाला दिसलं पाहिजे. त्याला नको असेल तर तो तोंड फिरवील."

आणि तशा त्या जायच्याही. कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून, दोन्ही हातांत धरून, चपला न वाजवता. मी त्यांची अशी कितीतरी कामं पाहिली. लोक तोंड फिरवत नसत.

मग एका सीझनच्या सुरुवातीला त्यांच्या शूटिंगमध्ये मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. नवरा-नवरी उभे आहेत, मागची फुलं उभी आहेत, आणि सगळं चित्र कडेला बारीक थरथरतंय. मला वाटलं ट्रायपॉडचा पाय सैल झाला असेल. मी मावशींना विचारलं. "स्टेज हलत होतं," त्या म्हणाल्या. पुढच्या लग्नात स्टेज नव्हतं, गावातल्या मैदानात कार्यक्रम होता. तिथेही चित्र थरथरत होतं. आता मी काही विचारलं नाही. त्याच एक दिवस दुपारच्या आल्या, माझ्या मागच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "परवाच्या लग्नातली अंगठी दाखव."

मी दाखवली. चर्चमध्ये नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतोय. मावशींचा कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांवरून हातांकडे निघतो, अर्ध्या वाटेत दचकतो, थांबतो, पुन्हा धडपडत निघतो. पोचेपर्यंत अंगठी घालून झालेली.

"परत लाव."

मी परत लावली. पुन्हा, आणखी एकदा. 

"हा हात कोणाचा आहे?" मावशींनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं तर त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि उजव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला होता, एखाद्या धडपडणाऱ्या कोंबडीला धरावं तसा. तरी अंगठा हलतच होता.

त्यांचा भाऊ शेजारच्याच वाडीत राहायचा. केळी आणि पानवेली लावणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आवरता येईल, जाणार नाही. मावशींनी घेतलेल्या ऑर्डरी एकेक करून दुसऱ्यांना दिल्या. काही संकेतला दिल्या. कोणाला कारण सांगितलं नाही. "आता कंटाळा आला," एवढंच.

टपरीवर त्यांची जागा रिकामी राहायला लागली. तिथे कोणी बसलं तरी ती रिकामीच वाटायची.

दरम्यान ती मोटरवाली लेन्स खरंच बाजारात आली आणि संकेतने घेतली. पहिल्या दिवशी त्याने ती आम्हाला दाखवली नाही. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल, मावशींकडे जाऊ."

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी डावा हात ओढणीखाली घेतला. भावाच्या बायकोला सांगून लिंबाचं सरबत आणवलं. संकेतने कॅमेरा काढला, लेन्स लावली, खटका दाखवला. समोरच्या नारळाचा शेंडा पडद्यावर सुळकन जवळ आला आणि तसाच मागे गेला.

"बघा, हाताला काही कामच नाही," संकेत म्हणाला. जीव लावून बोलत होता बिचारा.

"म्हणजे माझ्या हाताला काठी आणलीस."

"चष्मा लावता ना मावशी? ती पण डोळ्याची काठीच आहे."

एरवी अशा उत्तराला त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. त्या दिवशी त्या नारळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरबत प्या. बर्फ वितळला." आम्ही प्यायलो आणि निघालो.  मनवेलपाड्याच्या वळणावर मला उतरवताना संकेत म्हणाला, "मी मस्करीत बोललो रे."

त्यानंतर काही महिन्यांनी मावशींच्या शेजारच्या रेजिनाबाई वारल्या. मावशींपेक्षा वयाने मोठ्या, पण दोघींचं रोजचं बसणं-उठणं. त्यांची एकुलती मुलगी फ्लोरी आखातात नर्स होती. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. फ्लोरीच्या बारशाला मावशींनी लाइट धरला होता, तिच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. तिने नातेवाइकांना नाही, फादरना नाही, पहिला फोन मावशींना केला.

"मावशी, मला तुमच्या डोळ्यांनी बघायचंय. दुसऱ्या कोणाचा कॅमेरा नको."

"बाय, माझा हात गेलाय गं."

"मला माहीत आहे. मी नर्स आहे. तरी तुम्हीच करा."

हे सगळं मावशींनी मला मागाहून सांगितलं. मला सकाळी आला तो फक्त एवढा फोन: "एडिटर, लॅपटॉप घेऊन ये. आणि त्या संकेतला आण. त्याची ती लेन्स पण."

मिस्सा दुपारी होती. आम्ही सकाळीच पोचलो. शेजारच्या घरात माणसांची ये-जा चालली होती, रोझरी म्हटल्याचा आवाज येत होता. मावशींनी आम्हाला मागच्या वाडीत नेलं. संकेतने ट्रायपॉड लावला, कॅमेरा बसवला, आणि लेन्सचा रिमोट ट्रायपॉडच्या दांडीला बांधला. उजव्या हाताने दांडी धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने खटका दाबायचा. डाव्या हाताला खरंच काही काम नव्हतं. मावशींनी तो ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला. विहिरीच्या रहाटावर कॅमेरा रोखला आणि खटका दाबला. रहाट जवळ यायला लागला.

"याहून हळू?"

संकेतने सेटिंग बदललं.

"अजून."

"मावशी, याच्या खाली कोणी ठेवत नाही. बघणाऱ्याला झोप लागेल."

"ठेव."

त्याने सगळ्यात खाली नेलं. आता रहाट येतोय की नाही तेच कळेना. एक कोंबडी चित्रात शिरली, तिने दाणे टिपले, पाणी प्यायली, निघून गेली. रहाट येतच होता. मावशी टक लावून बघत होत्या.

संकेतने न राहवून विचारलं, "पण तुम्ही तर म्हणता, मयतात झूम नाही."

"अजून पण म्हणते."



चर्चमध्ये त्यांनी बाजूच्या दाराशी, भिंतीला लागून ट्रायपॉड लावायला सांगितला. तिथून शवपेटी, वेदी आणि पुढचे बाक एका नजरेत दिसत होते. मी मागे खांबाच्या आड लॅपटॉप घेऊन बसलो. शेजारी मोबाइल, त्यावर फ्लोरीचे मेसेज यायचे. सुरुवातीला तिने फक्त लिहिलं, "दिसतंय." मग बराच वेळ काही नाही. मावशी एका जागी उभ्या होत्या. फादर बोलत होते तेव्हा फादर, रडणारी माणसं रडत होती तेव्हा सगळा बाक, लांबून, जसा आहे तसा.

मिस्सा संपत आली. पेटीचं झाकण लावून सिमेटरीकडे न्यायची वेळ झाली. लोक शेवटचं दर्शन घ्यायला रांगेने उठले. तेवढ्यात मोबाइल उजळला. "मावशींना सांगा, मला आईजवळ यायचंय. झाकण लावायच्या आधी."

मी वाकून पुढे गेलो आणि मोबाइल मावशींच्या समोर धरला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचा उजवा हात कॅमेरा ट्रायपॉडवरून सोडवायच्या कळीकडे गेला. कॅमेरा काढून चालत जायचं, नेहमीसारखं. डावा हात कॅमेऱ्याचं वजन घ्यायला ओढणीतून बाहेर आला. आला आणि थरथरायला लागला, एवढा की कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा हलायला लागला. संकेत पुढे झाला. मावशींनी मानेनेच त्याला थांबवलं. थोडा वेळ त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो परत ओढणीत घेतला आणि उजवा हात दांडीवर नेला.

गायकवृंदाने गीत सुरू केलं. मी लॅपटॉपकडे पाहत होतो. मला वाटलं खटका दबलाच नाही, चित्र तसंच आहे. मग लक्षात आलं की मघाशी कडेला दिसणारा खांब आता दिसत नाही. मग शेवटचा बाक गेला. कोणाला कळू नये अशा चालीने ते चित्र पुढे सरकत होतं. माणसं पेटीजवळ वाकत होती, हात लावत होती, कपाळाला ओठ टेकवत होती, बाजूला होत होती, आणि त्या रांगेतून वाट काढत, कोणालाही धक्का न लावता, कॅमेरा पुढे जात होता. गीताचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. फुलं आली. पांढरी लेस आली. रेजिनाबाईंचा चेहरा आला आणि तिथे ते सगळं थांबलं.

मी मान वर करून मावशींकडे पाहिलं. त्यांचा अंगठा खटक्यावरून निघाला होता. पाय मात्र अजून हलत होते. एकदा उजवी टाच उचलली जायची, एकदा डावी, जागच्या जागी, अगदी हळू. त्या चालत आल्या होत्या.

झाकण येईपर्यंत त्यांनी कॅमेरा तिथून हलवला नाही.

संध्याकाळी फ्लोरीचा आवाज मोबाइलवर आला. मावशींनी तो कानाशी धरून ऐकला, आम्हाला ऐकू दिला नाही. ऐकून झाल्यावर मोबाइल माझ्याकडे देत म्हणाल्या, "म्हणते, तुम्ही मला घेऊन गेलात." मग संकेतकडे वळल्या. "लेन्स चांगली आहे तुझी. आवडली नाही, पण चांगली आहे."

संकेत हसला आणि हसता हसता तोंड फिरवून केळीच्या बागेकडे बघायला लागला. ती लेन्स त्याने त्या दिवशी परत नेली नाही. "सीझन नाही, माझ्याकडे पडूनच राहील," म्हणाला. सीझन चालू होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढची दोनेक वर्षं मावशींनी त्या लेन्सवर काम केलं. लग्नं घेतली नाहीत. मुलांचे कम्युनियनचे कार्यक्रम घेतले, आणि मयतं. नियम त्यांनी थोडा बदलला. लांबच्या माणसाने स्वतः सांगितलं तरच जवळ जायचं, नाहीतर नाही. आणि मोटर नेहमी सगळ्यात खालच्या चालीवर. टपरीवर परत यायला लागल्या. आमची भांडणं चालूच होती, कारण आता त्याहून हलकी, त्याहून लांब पल्ल्याची दुसरी एक मोटरवाली लेन्स येणार अशी बातमी संकेतने आणली होती. रिंगवाले रिंगवर अडून होते. कोणीतरी विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"मला विचाराल तर रिंग," मावशी म्हणाल्या. "माझ्या हाताला विचाराल तर मोटर. दोघांचं पटत नाही आमचं."

या वेळी त्या स्वतःही हसल्या.

मग उजवा अंगठाही ऐकेनासा झाला. चालणं आखडलं, चेहरा हळूहळू स्तब्ध होत गेला. हसल्या तरी ते डोळ्यांत शोधावं लागायचं. त्यांनी लेन्स पुसून, पिशवीत घालून संकेतच्या घरी भावाकरवी पाठवून दिली. संकेतने ती विकली नाही आणि वापरलीही नाही.

हिवाळ्यात एकदा त्यांनीच सांगितलं म्हणून आम्ही त्यांना अर्नाळ्याला घेऊन गेलो. लग्नाआधीच्या फोटोंसाठी त्या तिथे कितीदा गेल्या असतील, पण किनाऱ्यावर नुसतं बसायला कधी गेल्या नव्हत्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी होत्या, वास भरून राहिला होता. एका म्हाताऱ्या कोळणीने आमच्यासाठी फळकूट आणून टाकलं. "बस गं बाय. पानी देऊ का?" मावशींनी मान हलवली. समोरून एक होडी किल्ल्याच्या बाजूने बाहेर निघाली होती. तिच्यातला माणूस उभा राहून काहीतरी ओढत होता. संकेतने सवयीने कॅमेरा उचलला आणि त्या माणसावर रोखला.

"नको," मावशी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "जाऊ दे. लहान होऊ दे."

संकेतने कॅमेरा खाली ठेवला. होडी लहान होत गेली. आम्ही तिघं बघत बसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना निमोनिया झाला आणि त्यातच त्या गेल्या. झोपेत, भावाच्या घरी. निरोप मिळाला तसे आम्ही सगळे गेलो. टपरीवरचे सगळे, रिंगवाले आणि मोटरवाले, विरारचे, नालासोपाऱ्याचे, ज्यांना मावशींनी शूटिंग शिकवलं ते आणि ज्यांच्याशी त्या भांडल्या ते. भावाने आम्हाला अंगणात एका बाजूला घेतलं. तो आणि मावशी घरात त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला अर्धीच कळायची. आमच्याशी तो जपून, एकेक शब्द ठेवत बोलला.

"शूटिंगचं ती काही सांगून गेली नाही. तुम्हीच तिचे. तुम्हाला वाटेल तसं करा."

आमच्यातल्या बहुतेकांच्या गाडीत कॅमेरे होते. फ्लोरी बघायला बसली असेल, हे आमच्या सगळ्यांच्या मनात आलं. संकेतने लेन्सची ती पिशवी आणली होती. पण कोणीतरी पेटी उचलायला पुढे झालं, त्याच्या मागे दुसरा गेला, मग मी गेलो. संकेतने पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्यासमोरचा खांदा धरला. चर्चपर्यंतचा रस्ता केळीच्या बागांमधून जातो, अरुंद आहे. थोड्या थोड्या अंतरावर खांदे बदलत होते. एक दमला की दुसरा शिरायचा, त्याच्यामागे तिसरा वाट बघत चालायचा.

त्या दिवसाचं शूटिंग नाही. फ्लोरीला मी फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, "असं कसं? एवढे सगळे फोटोग्राफर होतात ना?"

"होतो," मी म्हणालो. "पण कॅमेरा धरायला कोणाचाच हात मोकळा नव्हता."